नारळ कुठे लागतो

सुगंधाने तो आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा तिला वाटलं, आपला गुणाकार चुकला असणार. तिने कागद उलटा केला आणि पुन्हा मांडलं. तीन गुणिले तीन गुणिले तीन, असं पाच वेळा. उत्तर तेच आलं, दोनशे त्रेचाळीस. धर्माजी तांडेलाला गेली पाच वर्षं ओळीने जे नशीब लाभत होतं, ते दोनशे त्रेचाळीस गावांतल्या एखाद्याच होडीवाल्या तांडेलाला लाभावं असं होतं. आणि तो नेमका त्यांच्याच गावात निघाला होता.

गाव म्हणजे खाजणवाडी. तारापूरच्या उत्तरेला, खाडी आणि खडप, म्हणजे पाण्यातला खडकाळ पट्टा, यांच्या मधल्या दीड मैलाच्या किनाऱ्यावर वसलेली मासेमारांची वस्ती. किनाऱ्यासमोर पाण्यात नऊ ठिकाणी लाकडी खुंट ठोकलेले होते. डोलजाळं त्या खुंटांना बांधायचं. पाण्याच्या ओढीने जाळ्याचं तोंड उघडतं आणि मासळी आपसूक आत जाते. अशा एकेका जागेला तिथे कव म्हणतात. दक्षिणेकडून मोजलं तर पहिली कव खडपाला लागून. तिथे मासळी थोडी आणि दगडाला अडकून जाळं फाटायचं. नववी उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. तिथे सकाळी जाळं ओढताना चार माणसं कमी पडायची. सातवी आणि आठवीही त्याच पाण्यातल्या, म्हणून चांगल्या. मधल्या मध्यम. गावात होड्याही नऊच होत्या, तेव्हा दर हंगामाला प्रश्न एकच असायचा: कोणी कुठे बांधायचं.

पूर्वी तो प्रश्न नव्हता. नववी कव गोमा पाटलाची, सातवी-आठवी त्याच्या भावांची, उरलेल्या सहांसाठी बाकीच्यांनी भांडायचं. सात पिढ्या असंच चाललं होतं. छप्पन साली धर्माजी देवळाच्या ओट्यावर उभा राहिला आणि म्हणाला की दर्या कोणाच्या बापाचा नाही. त्या वर्षी नारळी पौर्णिमा उलटून बारा दिवस झाले तरी एकही होडी पाण्यात गेली नाही. पाटलाची होडी ढकलायलाही कोणी खांदा लावला नाही. तेराव्या दिवशी पाटील आपणहून देवळात आला.

मग धर्माजीने रीत घालून दिली. पौर्णिमेला देवळासमोरून गावाचा नारळ समुद्रात सोडायचा, लाल दोरा गुंडाळून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ज्या कवेच्या समोर किनाऱ्याला लागलेला असेल तिथून मोजायला सुरुवात. ती एक नंबर, तिच्या उत्तरेची दोन, असं करत खाडीपर्यंत जायचं आणि पुन्हा खडपापासून पुढे. त्यानंतर मडकं. मडक्यात नऊ शिंपा, एकीवर एक खूण, दुसरीवर दोन, अशा नऊपर्यंत. प्रत्येक घराने हात घालून एक काढायची. जितक्या खुणा तितवा नंबर. धर्माजीचं वाक्य तेव्हा पोरासोरांनाही पाठ झालं होतं: सुरुवात दर्या सांगेल, पाळी मडकं सांगेल, माणसाने मधे बोलायचं नाही.

पहिल्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या वाट्याला खडप आलं. तो हसला आणि हंगामभर फाटलेली जाळी शिवत राहिला. सुगंधा तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे वडील त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, देवाबद्दल बोलतात तसा. दुसऱ्या वर्षी त्याला पाचवी कव आली. तिसऱ्या वर्षी त्याने एक बारीकसा बदल सुचवला. सणाच्या दुसऱ्या दिवशी लोक प्यायलेले असतात, मडक्याशी मारामाऱ्या होतात, तर शिंपा आदल्या संध्याकाळीच काढून मोकळं व्हावं. सगळ्यांना पटलं. त्याच वर्षी असं ठरलं की नारळ कधी सोडायचा ती वेळ धर्माजीने सांगावी, कारण पाण्याची जाण त्याच्याइतकी कोणाला नाही. हेही पटलं. पुढे देवळात त्याच्यासाठी खुर्ची आली, कारण त्याची कंबर धरायची. मग त्याची होडी आधी सगळ्यांनी मिळून पाण्यात ढकलायची असं झालं, कारण त्याला गावाच्या कामाला पालघरच्या कचेरीत जावं लागे. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं.

फक्त त्या तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी धर्माजीची कव सातवी, आठवी किंवा नववी असायची. नऊपैकी तीन जागा, म्हणजे तीन वेळांत एकदा. पाच वर्षं ओळीने. दोनशे त्रेचाळीसांत एकदा.

गावाने हे पाहिलं नव्हतं असं नाही. गाव म्हणे, दर्या माणूस ओळखतो.

सुगंधाला धर्माजीचा राग नव्हता. आधी तिला फक्त कुतूहल वाटत होतं, गणित सुटत नाही तेव्हा वाटतं तसं. पण यंदा त्यात घरचीही गोष्ट होती. वडील तापाने गेल्यापासून होडी तिची आई जमना आणि थोरला भाऊ जिवल्या चालवत होते. दोन वर्षं लागोपाठ त्यांच्या नशिबी खडप आलं होतं. जाळ्यात आता मूळच्या सुतापेक्षा ठिगळं जास्त होती. जिवल्याने आईला बजावून ठेवलं होतं: यंदा पुन्हा खडप आलं तर होडी वाळूत वर ओढायची ती कायमची. तो बांधकामावर जाणार, तिथे नाव लिहून घेत होते. जमनाने मात्र होडीला चोपडायचं तेल सणाच्या दोन दिवस आधीच काढून ठेवलं होतं.

बांधकाम म्हणजे विजेचं. अणूवर वीज करणारं केंद्र तारापूरला होणार होतं आणि त्याआधी समुद्राची मोजणी चालली होती. सुगंधा पालघरला मावशीकडे राहून शास्त्र घेऊन मॅट्रिक झालेली, म्हणून तिला मोजणीच्या कामावर घेतलं होतं. काम सोपं पण किचकट. खडकाला ठोकलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते दर अर्ध्या तासाने लिहायचं. आणि फळकुटांचे, झेंडे लावलेले तरंगे ठरल्या वेळी पाण्यात सोडायचे, ते कुठे जाऊन लागतात ते लिहायचं. तिच्यावरचे ओव्हरसीर भगवंतराव साताऱ्याकडचे होते. त्यांना पाण्याची भीती वाटे. छत्रीखाली बसून ते वही पुढे करायचे आणि म्हणायचे की सुगंधाबाई, तुमचा समुद्र तुम्हीच बघा.

तिने आधी मडक्याचा विचार केला, कारण लबाडी असेल तर ती मडक्यातच असणार असं कोणालाही वाटेल. शिंपेच्या खुणा बोटाला कळत असतील का? तिने आईला विचारलं, डोळे मिटून एकदा काढूनही पाहिली. तीन आणि चार खुणांतला फरक कळत नव्हता. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की धर्माजी आपली शिंप सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा. आठ घरांचं झालं की मडक्यात उरलेली त्याची. त्याला निवडायला काही नव्हतंच. मडकं स्वच्छ होतं.

मग नारळ. तो रात्री कोणी हलवून ठेवतं का? तेही नाही. गावची पोरं पहाटेपर्यंत नारळाच्या मागे असतात. मडक्याइतकाच नारळही शंभर डोळ्यांसमोर.

ती अडकली होती तेव्हा उत्तर तिच्या स्वतःच्या वहीत होतं. एके दुपारी जुनी पानं चाळताना तिच्या लक्षात आलं की उधाणाच्या दिवसांत तरंगे कुठे लागतात हे ती आता न बघता सांगू शकते. पाणी भरत असतं तेव्हा ओढ उत्तरेला असते. भरतीच्या दोन तास आधी सोडलेला तरंगा खाडीच्या तोंडाशी जातो. ऐन भरतीला सोडलेला समोरच घुटमळतो. ओहोटी लागली की ओढ दक्षिणेला फिरते आणि जितका उशीर तितका तो खडपाकडे सरकतो. पावसाळी वारा सगळ्यांनाच किनाऱ्याकडे ढकलत राहतो. वारा फार असेल तर एखादी कव इकडे तिकडे, पण तेवढंच. आणि पौर्णिमेला भरतीची वेळ दर वर्षी जवळपास तीच, दुपारी साडेबाराच्या आसपास.

नारळ म्हणजे झेंडा नसलेला तरंगा.

आता फक्त ताळा करायचा होता. नारळ कोणत्या वर्षी किती वाजता सोडला होता हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं. सुगंधाने घड्याळाबद्दल विचारलंच नाही. पाण्याला जाताना, बोंबील निवडताना ती बायकांना त्या दिवशीच्या जेवणाबद्दल विचारत राहिली. एका वर्षी नारळीभात चुलीवर चढायच्या आधीच देवळातून हाक आली होती. एका वर्षी वाट बघून बघून पोरं उपाशी झोपली होती आणि रखमाबाईने देवळासमोरच धर्माजीला ऐकवलं होतं, की तुझ्या दर्याला भूक नसेल, माझ्या नातवंडांना आहे. गेल्या वर्षी भात रटरटत होता, म्हणजे अकरा. धर्माजीच्या शिंपेवर किती खुणा होत्या ते सगळ्यांना आठवत होतं. पाचही वर्षं तिने एकाखाली एक मांडली. त्याचा नंबर लहान असेल तेव्हा नारळ लवकर गेला होता, मधला असेल तेव्हा उशिरा. एकही वर्ष चुकलं नव्हतं.

सुगंधा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली. कुठेच खोटं नव्हतं. मडकं खरं, शिंपा खऱ्या, समुद्रही खरा. शिंपा आधी काढायच्या ही एक गोष्ट आणि वेळ कोणी सांगायची ही दुसरी, दोन्ही गावानेच आनंदाने हो म्हणून दिल्या होत्या. आईला दोनदा खडप देण्यात धर्माजीचा काही वैरभाव नव्हता. आई त्याच्या मनातच नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी शिंपा निघाल्या. धर्माजीच्या हाती सहा खुणांची उरली. जमनाची आठ.

सुगंधाने इथे एक चूक केली. शाळेत उत्तर आलं की मास्तरांना नेऊन दाखवायचं, तशी ती कागद घेऊन धर्माजीकडेच गेली. बरोबर आहे का एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तो ओटीवर दोर वळत बसला होता. कागदावरचं त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने तोंडाने सांगितलं. त्याचा हात थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते भय नव्हतं. तो खूश झाला होता.

"पाच सालं झाली," तो म्हणाला. "कुणी इचारलं नाय. तू पयली, बाय."

"म्हणजे बरोबर आहे, काका?"

"वाऱ्याचं तुला अजून नीट कळलं नाय. बाकी बरोबर." त्याने दोर बाजूला ठेवला. "पन मी मडक्यात हात घालतो का? नारळ उचलून ठेवतो का? टायमावर सोडतो, येवढंच. गोमा पाटील हक्क म्हनून घेत व्हता. मी कुनाकडं काय मागितलं?"

तो पुढे बोलत राहिला. गावासाठी कचेरीत कोण जातं, खाडीवरचा जकातीचा त्रास कोणी मिटवला, तिच्या नोकरीचा अर्ज साहेबाकडे कोणी नेऊन दिला. सगळं खरं होतं. पालघरला गेलेले दिवस तो मासेमारीत भरून काढू शकत नव्हता हेही खरं. मग त्याने आवाज न बदलता विचारलं, "आयेची आठ खुनांची ना? उद्या दीडला सोडनार व्हतो. अडीचला सोडला तर?"

तिचं डोकं तिला न विचारता कामाला लागलं. दीडला सोडला तर नारळ चौथ्या कवेसमोर लागणार, धर्माजीला नववी, आईला दुसरी. दोनला सोडला तर आईला थेट खडप. अडीचला सोडला तर नारळ दुसऱ्यासमोर.

"आई खाडीवर येते," ती म्हणाली. "तुम्ही सातव्या."

"चालल मला सातवी. तासाभराची तर गोष्ट हाय." त्याने दोर पुन्हा हातात घेतला. "दर साल नाय जमनार. पन तुझ्या घराला खडप नाय येनार, येवढं मी बगतो. आता तू बी बगशील, नाय का?"

घरी तिने दोघांना सगळं सांगितलं. जिवल्या आधी भडकला, धर्माजीच्या दारात जाऊन बोंब मारतो म्हणाला. अडीचचं ऐकल्यावर खाली बसला. थोड्या वेळाने म्हणाला की एक वर्ष, एकच वर्ष खाडी मिळाली तर जाळं नवं होईल, मग पुढचं पुढे. होडी वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधून घेतली होती, ती सोडून सिमेंटच्या पाट्या उचलायची त्याला कुठे हौस होती? जमना ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "अडीचला सोडला तं खडपावर कोन जाईल?"

सुगंधाने मोजलं. नऊ खुणांची शिंप. रखमाबाईची.

जमना उठून चुलीकडे गेली. काय करायचं ते तिने मुलीवर सोडलं आहे, हे सुगंधाला कळलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांना सांगून ती पट्टीचं वाचन तेवढं करून देवळाशी आली. पाणी साडेबाराला भरलं आणि थबकलं. पूजा आटोपली होती. धर्माजी खुर्चीत, मांडीवर लाल दोऱ्याचा नारळ. लोक वाळूत बसले होते, पोरं भुकेने कुरकुरत होती. एक वाजला. दीड वाजला. धर्माजी उठला नाही. त्याने एकदा सुगंधाकडे बघितलं, आणि तिला कळलं की तो शब्द पाळतो आहे. तो लबाड माणूस असता तर बरं झालं असतं.

ती उभी राहिली. तिचा आवाज मुळातच बारीक, म्हणून लोकांना पुढे सरकून ऐकावं लागलं. नारळ कुठे लागणार हे आधी सांगता येतं, असं ती म्हणाली. मी सांगते, तुम्ही उद्या सकाळी पडताळून बघा. आणि शिंपा कालच निघालेल्या असल्यामुळे कोणत्या वेळी सोडला तर कोणाला कुठली कव येईल, तेही सांगता येतं.

धर्माजीचं नाव तिने घेतलं नाही. गरजही पडली नाही. वाळूवर माना एकेक करून खुर्चीकडे वळल्या. मागची पाच वर्षं प्रत्येकाच्या डोक्यात आपोआप मांडली जात होती. कोणीतरी भात रटरटत होता असं पुटपुटलं.

पण पुढचं तिने योजलं नव्हतं. लोक धर्माजीवर तुटून पडतील असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी रखमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माजी नऊची. मला खाडी कदी?"

"तीनला सोडला तर," सुगंधा म्हणाली. विचारलं तर सांगायचं, ही तिची सवय.

"मंग तीनलाच सोडा. इतका येळ उपाशी ऱ्हायलो, आनखी घटकाभर."

लगेच दुसऱ्याने आपला नंबर सांगितला. त्याला आत्ताच सोडायला हवा होता, या क्षणी. तिसऱ्याला अडीच हवे होते. गोमा पाटील, आता सत्तरीचा, दातांशिवायचा, काठी टेकत पुढे आला. त्याची शिंप एका खुणेची होती.

"तुमची वेळ सकाळी साडेदहाला गेली, पाटील," सुगंधाने सांगितलं.

"माजी येळ छप्पन साली गेली," पाटील म्हणाला, आणि इतका वेळ आवरलेलं हसू सगळ्या वाळूभर फुटलं.

हसू संपलं तसं भांडण सुरू झालं. नऊ घरं आणि नऊ वेळा. आता जो कोणी कुठलीही वेळ सुचवी, त्याच्या हातातल्या शिंपेकडे लोक बघत. दोघांनी नारळावर हात घातला, तिसऱ्याने तो त्यांच्याकडून हिसकून देवाच्या पायाशी ठेवला. धर्माजी खुर्चीतून उठून बाजूला झाला होता आणि पाण्याकडे बघत होता. मग कोणीतरी म्हणालं की हिलाच सगळं कळतं, हिनेच वेळ सांगावी. ही शिकलेली, ही सरकारी मोजणीची. हिच्यापुढे कोण बोलणार? ते एकदम सगळ्यांना पटलं. रिकामी झालेली खुर्ची कोणीतरी तिच्याकडे सरकवली, आपुलकीने, कारण ती मघापासून उभीच होती.

सुगंधाने तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की 'अडीच' हा शब्द तिच्या जिभेवर तयार आहे. कोणी म्हणालंच नसतं की हे चूक. दर्याने दिलं असतं. जिवल्या तिच्याकडे एकटक बघत होता. धर्माजीलाही पहिल्यांदा असंच झालं असेल का? लोकांनी वेळ विचारली असेल, आणि उत्तर त्याच्या तोंडात आधीच येऊन बसलं असेल?

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "मला आमची शिंप माहीत आहे. ज्याला आपली शिंप माहीत आहे त्याने वेळ सांगायची नाही."

"तं मंग इथं कुनीच सांगू शकत नाय," रखमाबाई म्हणाली.

"नाही."

यावर काय करावं हे कोणाला सुचेना. पाणी उतरत चाललं होतं. शिंपा एकदा निघाल्या की परत टाकता येत नाहीत, ही रीत होती आणि ती मोडायला लोक भीत होते. तेव्हा जमना उठली. चार माणसांत बोलायची तिला सवय नव्हती. "पयल्या साली नारळ आदी व्हता," ती म्हणाली, "मडकं मागून." पदराच्या गाठीतून तिने आठ खुणांची शिंप काढली, मडक्याशी गेली आणि आत टाकली. तिला खाडीवर नेऊ शकणारी शिंप. जिवल्याने डोळे मिटून घेतले.

त्यानंतर रखमाबाईने टाकली, तोंडाने बडबडत. मग पाटलाने, मग एकेक करत बाकीच्यांनी. आठ शिंपा मडक्यात गेल्या आणि एक राहिली. सगळे नुसते थांबले, आणि ते थांबणं फार लांबलं. शेवटी तो आला, वाकला, कंबर धरतच, आणि त्याने आपली शिंप आत सोडली. नारळ कोणीतरी सोडायला हवा होता. रखमाबाईने तो उचलला, पोरं उपाशी मेली आहेत असं समुद्राला सुनावलं आणि भिरकावला. किती वाजले होते ते सुगंधाने मुद्दाम बघितलं नाही. तिच्या नोकरीत तसं तिने कधीच केलं नव्हतं.

सकाळी नारळ तिसऱ्या कवेसमोर वाळूत होता. तिथून मोजणी ठरली आणि मग मडकं फिरलं. धर्माजीने शेवटी घ्यायचं नाही, असं आधीच कोणीतरी म्हणालं, म्हणून त्याने सर्वांत आधी हात घातला. सहा खुणा. म्हणजे आठवी कव.

वाळूवर कुजबुज झाली. सगळ्यांनी आधी मडक्याकडे, मग सुगंधाकडे बघितलं. धर्माजी स्वतःही तिच्याकडेच बघत होता, आणि तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता.

"होतं असं," ती म्हणाली. "तीन वेळांत एकदा होतंच."

लोकांना ते नीटसं पटलं नाही. रखमाबाईला सातवी मिळाल्यावर मात्र लगेच पटलं. खडप गोमा पाटलाकडे गेलं. तो म्हणाला की त्याने ते अजून कधी पाहिलेलंच नाही, या वयात नवीन काहीतरी बघायला मिळेल. जमनाच्या शिंपेवर दोन खुणा निघाल्या. चौथी कव. ना खाडी, ना खडप. गेल्या कित्येक वर्षांत त्या घराने तिथे बांधलं नव्हतं.

जिवल्या शिंप बोटांत फिरवत उभा राहिला. बांधकामावर नाव लिहायला जायचं म्हणून तो अंगात धुतलेला सदरा घालूनच आला होता. जमना त्याच्याकडे बघत नव्हती. ती होडीवरच्या झावळ्या काढायला लागली होती, एकटीच. तिसरी झावळी निघाली तेव्हा त्याने सदरा काढून सुगंधाच्या हातात दिला.

"चौथीवर पानी कवा फिरतं?" त्याने विचारलं. "भरतीच्या बरोबर का मागून?"

सुगंधाने वही उघडली. देवळासमोरचे आकडे होते, खाडीचे होते, खडपाचे होते. चौथ्या कवेच्या रकान्यात काहीच नव्हतं.

"तिथे मी अजून मोजलं नाही," ती म्हणाली, आणि पेन्सिल कानामागे खोचून होडीच्या दुसऱ्या बाजूला खांदा लावायला गेली.